दोन लाख किलोमीटर चाललेली एसयूव्ही घ्यावी का?

प्रश्न असा आला आहे: घरात पाच माणसं, वर्षातून काही वेळा खराब रस्त्यावरून जावं लागतं, बजेट तोकडं. समोर दोन एसयूव्ही आहेत. एक २,१०,००० किलोमीटर चाललेली, पहिल्यापासून एकाच मालकाकडची, सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल सोबत. दुसरी १,३०,००० किलोमीटरची, चकचकीत, मालक तिसरा, कागद काही नाहीत. किमती जवळपास सारख्या. कुठली घ्यावी, आणि घेण्याआधी बघायचं काय?

आधी पहिली बघायला जा. ती चांगली निघाली तर दुसरीकडे फिरकू नका.

लोक मीटरवरचा आकडा बघून गाड्यांची रांग लावतात. हजारो किलोमीटर एकसारख्या वेगाने लांबच्या प्रवासाला धावलेलं इंजिन दोन लाखांनंतरही निरोगी असतं, आणि रोज पाच किलोमीटर जाऊन बंद होणारं इंजिन लाखाच्या आतच थकतं, कारण ते कधी नीट तापतच नाही. ऑइलमध्ये ओलावा आणि इंधन साचतं, गाळ होतो. गाड्या मरतात त्या एकदा गरम होऊन, ऑइल कमी असताना धावून, गिअरबॉक्सचं ऑइल कधीच न बदलल्यामुळे, नाहीतर खालून गंजून. यातलं मीटरवर काहीच दिसत नाही.

दुसरं कारण खर्चाचं आहे. एक ते दोन लाख किलोमीटरच्या दरम्यान बहुतेक गाड्यांना कामांचा एक मोठा घोळका गाठतो: टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा), वॉटर पंप, रेडिएटर, शॉक अ‍ॅब्झॉर्बर, सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, अल्टरनेटर, मॅन्युअल असेल तर क्लच, डिझेल असेल तर इंजेक्टर. पुष्कळ मालक गाडी विकतात ती या खर्चाची चाहूल लागल्यावरच. म्हणजे १,३०,००० ची गाडी घेताना तुम्ही तो सगळा घोळका अंगावर घेता. २,१०,००० च्या गाडीची फाइल जर सांगत असेल की बेल्ट बदललाय, रेडिएटर नवा आहे, खालचे बुश टाकलेत, तर ती बिलं कुणी तरी तुमच्या आधी भरली आहेत. म्हणून विकणाऱ्याला ‘किती चालली?’ यापेक्षा ‘काय काय बदललं, आणि कधी?’ हे विचारा. ज्याने खरंच पैसे घातलेत तो अर्धा तास सांगत बसतो. ‘काहीच काम निघालं नाही हो या गाडीला’ हे दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीबद्दल ऐकलं की मी जास्त बारकाईने बघतो.

टायमिंग बेल्टचं उदाहरण घेऊ. लेक्सस जीएक्स ४७० (२००३ ते २००९) मधलं ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन मजबुतीसाठी नावाजलेलं आहे, पण त्याला बेल्ट आहे आणि तो साधारण १,४५,००० किलोमीटरला बदलायचा असतो. होंडा पायलटच्या व्ही-६ ला सुद्धा बेल्ट, मुदत साधारण १,६०,००० च्या पुढे. बेल्ट बदलताना वॉटर पंप, टेन्शनर आणि आयडलर पुली एकत्र बदलतात, कारण तिथवर पोचायची मजुरीच मोठी असते. पावतीवर नुसता बेल्ट दिसला आणि पंप नाही, तर काम अर्धवट झालंय असं धरा. बेल्टला वयाचीही मर्यादा असते. बारा वर्षांच्या गाडीत मूळ बेल्ट असेल तर किलोमीटर कितीही कमी असोत, तो बदलायचाच. आजच्या बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडावं लागतं. पावती नसेल तर बेल्ट झालेला नाही असं समजून पूर्ण खर्च किमतीतून वजा करा, विकणारा काहीही म्हणो. टायमिंग चेन असलेल्या इंजिनांत हा खर्च नसतो, पण चेनही ऑइलवर जगते. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली, तर चेन सैल झाली असेल किंवा टेन्शनर दमला असेल.

आता बजेटबद्दल. हातात आहे त्यातले पाऊण पैसेच गाडीला द्या. उरलेला पाव भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचा, आणि फाइल नसलेल्या गाडीसाठी तो एक तृतीयांश धरा. एसयूव्हीचे चार टायरच केवढे पैसे खातात हे बऱ्याच जणांना गाडी घेतल्यावर कळतं. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी तो टायर म्हातारा आहे.

कुठली गाडी, हे ठरवण्याआधी स्वतःला विचारा की तुम्हाला फोर बाय फोर खरंच लागतं का. माझ्याकडे सल्ला मागणाऱ्या बहुतेकांना ते लागत नाही. खड्डे, थोडा चिखल आणि सामान, एवढ्यासाठी उंच ग्राउंड क्लिअरन्स आणि चांगले टायर पुरतात. फोर बाय फोर म्हणजे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी), आणखी एक डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), आणखी शाफ्ट, आणखी ऑइल सील. जुन्या गाडीत हे सगळं सांभाळायचं. वेगळ्या चासीवर बसवलेल्या जड गाड्या टिकाऊ असतात, पण इंधन, ब्रेक, टायर सगळंच जास्त लागतं. टू-व्हील-ड्राइव्ह, मोनोकॉक (बॉडी आणि चासी एकच असलेल्या) बांधणीची होंडा सीआर-व्ही किंवा टोयोटा रॅव्ह-४ कुटुंबाला पुरेशी होते आणि दुरुस्तीला सोपी जाते. त्यातही सावध राहा: २००६ ते २००८ च्या आसपासच्या २.४ लिटर रॅव्ह-४ चं इंजिन ऑइल खाण्यासाठी बदनाम आहे. डिपस्टिक बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खरंच डोंगर आणि चिखल असेल, तर टोयोटा फोर-रनरचं ४ लिटरचं व्ही-६ (२००३ पासून) चेनचं आहे आणि फार कुरकुर करत नाही. त्याची किंमत मात्र चढीच असते; नाव चांगलं आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. कमी पैशांत मला जुनी जीप चेरोकी आवडते. तिचं ४ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन १९८७ ते २००१ पर्यंत चाललं, साधं, लोखंडी, कुणालाही समजणारं. फक्त शेवटच्या २०००-२००१ च्या गाड्यांत काही सिलिंडर हेडना तडे जायचे, त्या वर्षांच्या गाडीत ऑइल फिलरच्या झाकणाखाली डोकावून कूलंट मिसळून आत दुधाळ झालंय का बघा. इतक्या जुन्या गाडीत एअरबॅगा आणि सुरक्षेच्या बाकी सोयी आजच्यासारख्या नसतात, हेही लहान मुलं असलेल्या घराने मनात धरावं.

काही ठिकाणी एकच ठरावीक दुखणं सगळी गाडी खातं. २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर आणि एक्सटेरामध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या पोटातच बसवलेला आहे. तो आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये मिसळतं आणि गिअरबॉक्स संपतो. रेडिएटर आधीच बदललेला असेल, किंवा बाहेर वेगळा कूलर लावलेला असेल, तर हीच गाडी चांगला सौदा ठरते, कारण त्या बदनामीमुळे भाव पडलेला असतो. सुबारू फॉरेस्टरच्या जुन्या २.५ लिटर इंजिनात हेड गॅस्केट (हेड आणि त्याखालच्या ब्लॉकमधलं सील) गळायचं. ते सुधारित गॅस्केटने बदललेलं असेल तर घ्या, नसेल तर तो खर्च वजा करा. मॉडेल निवडायचं म्हणजे त्याचं हे एक दुखणं ओळखायचं आणि तेवढं बरं केलेली गाडी शोधायची. दुखणं नसलेलं मॉडेल शोधत बसलात तर सापडणार नाही.

पेट्रोल की डिझेल? वर्षाला फार चालवणार नसाल आणि फेऱ्या छोट्या असतील तर पेट्रोल, तेही साधं, टर्बो नसलेलं. जुन्या झालेल्या आधुनिक डिझेलमध्ये चार महाग गोष्टी एकत्र येतात: इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. डीपीएफमधली काजळी जळायला लांबची, तापलेली धाव लागते. शहरात ती मिळत नाही, जाळी तुंबते आणि काजळी जाळायला जादा मारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर हेच चाललंय. टोयोटाचं ३ लिटरचं १केडी डिझेल, जे प्राडो आणि फॉर्च्युनरमध्ये होतं, त्यात इंजेक्टरखालचे सील गळून काजळी ऑइलमध्ये जाते आणि तळातली जाळी तुंबते. हे इंजिन एरवी भक्कम, पण सील बदलल्याची आणि ऑइल पॅन काढून जाळी बघितल्याची नोंद मागा. लांबच्या प्रवासाचीच गाडी असेल तर डिझेलला मी नाही म्हणणार नाही.

गिअरबॉक्समध्ये माझी पसंती आधी मॅन्युअल, मग साधा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. जास्त चाललेला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) मी बजेटवाल्या माणसाला सहसा सुचवत नाही. बिघडला की दुरुस्तीपेक्षा बदलणंच होतं, आणि बदलण्याची किंमत गाडीच्या किमतीला भिडते. ‘याचं ऑइल आयुष्यभरासाठी असतं, बदलायचं नसतं’ हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकू येईल. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी मोठी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला आपल्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदलायला सांगते. आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर, हे त्या विकणाऱ्याला विचारा.

बघायला जाताना विकणाऱ्याला एकच गोष्ट आधी सांगून ठेवा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन बरंच काही सांगतं, तापलेलं इंजिन तेवढंच लपवतं. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंट स्वच्छ रंगाचं हवं. गढूळ तपकिरी किंवा वर तेलाची साय असेल तर थांबा. ऑइल फिलरच्या झाकणाच्या आत थोडी पिवळट मळी थंड हवेत आणि छोट्या फेऱ्यांत होते, तिला घाबरू नका. पण दह्यासारखा घट्ट थर आणि सोबत कूलंट कमी, ही जोडी हेड गॅस्केटची.

मग दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा आणि स्वतः सायलेन्सरमागे उभे राहा. सुरू होताना निळा धूर येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. गाडी पळवताना सतत निळा असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो. पांढरी वाफ गाडी तापल्यावरही जात नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट जळतंय. डिझेलला जोरात रेस दिल्यावर थोडा काळा धूर समजण्यासारखा आहे, ढग नाही. इंजिन चालू असताना ऑइल फिलरचं झाकण सैल करून ठेवा: ते किंचित थरथरलं तर ठीक, आतून फुंकर मारून उडू लागलं तर सिलिंडर झिजलेत.

ऑटोमॅटिकला डिपस्टिक असेल तर ऑइल बोटावर घ्या. लाल किंवा हलकं तपकिरी चालेल. काळं आणि करपल्याच्या वासाचं नको. गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलंट मिसळलंय. तिथेच व्यवहार संपला.

चालवून बघायला निदान पाऊण तास मागा. गल्लीतल्या एका फेरीत काहीच कळत नाही. रेडिओ बंद, काचा वर. ब्रेक दाबून ‘डी’मध्ये आणि मग ‘आर’मध्ये टाका, धक्का किंवा दोन सेकंदांची वाट नको. चढावर हळूहळू वेग वाढवा. इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मागे राहते, तर क्लच किंवा गिअरबॉक्स घसरतोय. सपाटीवर एका वेगाने जाताना घुंई असा आवाज येत असेल आणि वळण घेताना तो बदलत असेल तर व्हील बेअरिंग, बदलत नसेल तर टायर किंवा डिफरन्शियल. फोर बाय फोर असेल तर ते लावून बघाच, पण पार्ट टाइम फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून वळवू नका. त्यात मधलं डिफरन्शियल नसतं, सगळे भाग ताणले जातात. मातीवर किंवा खडीवर न्या, हाय आणि लो दोन्ही टाका. वर्षानुवर्षं न वापरलेलं फोर बाय फोर अडकलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोन नवे दोन जुने अशी गाडी चालवली असेल तर मधल्या कपलिंगवर रोज ताण आलेला असतो.

परत आल्यावर एसी लावून गाडी पंधरा मिनिटं उभी चालू ठेवा. तापमानाचा काटा जागचा हलता कामा नये.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा एक छोटा ओबीडी स्कॅनर जवळ ठेवा, फोनला जोडला जाणारा चालतो. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा नाही एवढ्यावर समाधान मानू नका, कारण कोड पुसले की दिवा विझतो. पण कोड पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांची स्थितीही ‘अपूर्ण’ होते आणि ती भरून यायला बरंच चालवावं लागतं. तीन-चार चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कुणी तरी नुकतंच काही पुसलंय, किंवा बॅटरी काढली होती. कारण विचारा आणि काही दिवसांनी पुन्हा स्कॅन करा.

खाली वाकल्याशिवाय एसयूव्ही बघितली असं म्हणू नये. मिठाच्या रस्त्यांवर किंवा समुद्राजवळ राहिलेल्या गाडीची चासी आतून पोखरलेली असू शकते. वरवरचा तांबूस गंज चालतो. स्क्रू ड्रायव्हरने दाबल्यावर पापुद्रे सुटत असतील, ठोकल्यावर आवाज बसका येत असेल, किंवा चासीला नुकताच जाड काळा रंग फासलेला असेल, तर मला ती गाडी फुकट मिळाली तरी नको. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. कुजलेली चासी बदलण्याएवढी किंमत या बजेटच्या गाडीत नसते. मागच्या सस्पेन्शनचे आर्म जिथे जोडलेत त्या जागा आणि ब्रेकचे पाइप खास बघा.

अपघात शोधायचा तर दारांच्या फटी, बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उखडलाय का, आणि दोन्ही बाजूंच्या दिव्यांवरची तारीख सारखी आहे का, हे बघा. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. टोकाला मातीची रेघ असेल तर ती कितीही धुतली तरी तशीच राहते. मीटर मागे फिरवलाय का ते ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची कातडी आणि ड्रायव्हरच्या सीटची कड सांगतात, पण त्या बदलता येतात. जुन्या पावत्यांवरचे किलोमीटर क्रमाने वाढत गेलेत का, हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. काही गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन किती तास चाललं तेही मिळतं: किलोमीटरला तासांनी भागा. उत्तर ताशी १५ च्या आसपास आलं तर एकतर मीटर फिरलाय, नाहीतर गाडी दिवसभर उभ्या उभ्या चालू असायची. दोन्ही वाईट.

एवढं सगळं पास झालं तरी पैसे देण्याआधी ती गाडी अशा मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा ज्याचा विकणाऱ्याशी संबंध नाही आणि ज्याला त्याच कंपनीच्या गाड्यांचा हात आहे. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणारी चाचणी, करून घ्या. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. विकणारा याला नको म्हणाला तर किंमत कितीही खाली आणो, निघा. सापडलेल्या कामांचा खर्च मेकॅनिककडून लिहून घ्या आणि तोच कागद समोर ठेवून भाव करा. ‘थोडं कमी करा ना’ म्हटल्याने जेवढं सुटतं त्यापेक्षा या कागदाने जास्त सुटतं.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात सगळी द्रवं बदला: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल. ऑटोमॅटिकचं ऑइल ड्रेन करून जेवढं निघेल तेवढंच भरा आणि काही हजार किलोमीटरनी पुन्हा करा. कधीच न बदललेल्या जुन्या गिअरबॉक्सला मशीन लावून जोरात फ्लश करायला मी देत नाही. निघालेल्या प्रत्येक ऑइलमध्ये चुंबक फिरवा. बारीक राखाडी लुकण नेहमीचं, टोचणारे तुकडे नाहीत. पहिले दोन-तीन महिने दर वेळी इंधन भरताना डिपस्टिक बघा आणि आकडा लिहून ठेवा. हजार किलोमीटरला पाव लिटरपर्यंत ऑइल खाणारं जुनं इंजिन वर्षानुवर्षं चालतं, फक्त डिकीत एक लिटरचा डबा असू द्या.